ताब्यात घ्यावे की घरी पाठवावे

अठरा वर्षांखालच्या मुलावर किरकोळ गुन्ह्याचा आरोप आला, तर पोलिसांनी त्याला ताब्यात घ्यावे की पालकांच्या हवाली करावे? बाल न्याय अधिनियम, २०१५ ने या प्रश्नाचे उत्तर पुरेसे स्पष्ट दिले आहे. घरी पाठवणे हा नियम, ताब्यात घेणे हा अपवाद. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, तो या कायद्याच्या लेखी किरकोळ. अशा गुन्ह्यात प्रथम खबरी अहवाल दाखल करायचा नाही. ठाणे दैनंदिनीत नोंद करायची, मुलाची सामाजिक पार्श्वभूमी लिहून काढायची आणि कागद बाल न्याय मंडळाकडे पाठवायचे, असे २०१६ चे आदर्श नियम सांगतात. सोबत सज्ञान आरोपी असेल तरच वेगळा रस्ता. तरीही राज्यातल्या कुठल्याही ग्रामीण ठाण्यात मोबाइलचोरीच्या संशयावरून आणलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा रात्री उशिरापर्यंत बाकावर दिसू शकतो. त्याला अटक झालेली नसते, ताब्यात घेतल्याची नोंदही नसते. नुसते बसवून ठेवलेले असते. कायदा आणि तो बाक यांच्यातले अंतर केवळ अज्ञानातून आलेले नाही. ठाण्याच्या कामाची रीत, तपासाच्या सवयी आणि जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचे किलोमीटर या तिन्हींनी मिळून ते तयार केले आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व कडेचे शिरूर आणि दौंड हे तालुके घेतले की ते नीट उलगडते.

शिरूर घोड नदीच्या काठी, अहिल्यानगर रस्त्यावर, पुण्यापासून सत्तरेक किलोमीटर. तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत, शिक्रापूर-सणसवाडीचे कारखाने आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या चाळी. दौंड भीमेच्या काठी, पुण्यापासून ऐंशीच्या आसपास किलोमीटर. सोलापूर, मनमाड आणि बारामती या तिन्ही दिशांना रूळ जाणारे जंक्शन. जवळच कुरकुंभची रासायनिक वसाहत, चहूकडे ऊस, आणि गावात राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव एमआयडीसी, दौंड आणि यवत ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांची. दौंड स्थानकाच्या हद्दीत मात्र लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल यांचा कारभार चालतो. त्यामुळे फलाटावर सापडलेला मुलगा आणि स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर सापडलेला मुलगा यांचा निर्णय वेगवेगळी खाती करतात.

या भागात मुलांवर जे आरोप येतात ते नवलाचे नाहीत. आठवडे बाजारात उचललेला मोबाइल. चावी राहिलेली मोटारसायकल, जी पेट्रोल संपेपर्यंत फिरवून उसाच्या कडेला टाकून दिलेली असते. नदीकाठच्या कृषिपंपाची केबल, जिच्यातले तांबे भंगारवाला वजनावर घेतो. चोरट्या वाळूच्या गाडीपुढे दुचाकीवरून टेहळणी. गावच्या यात्रेतली हाणामारी. मोबाइलवर ठेवलेला भडक स्टेटस. साधी चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येते आणि तिची कमाल शिक्षा तीन वर्षे. हिसकावून नेण्याला कलम ३०४ आहे, तिथेही तीनच. म्हणजे दोन्ही किरकोळ. तोच मोबाइल घरातून किंवा धावत्या गाडीतून गेला, तर कलम ३०५ लागते आणि कमाल शिक्षा सात वर्षांवर जाते. दौंडच्या फलाटावर झोपलेल्या प्रवाशाच्या उशाचा फोन आणि डब्यात झोपलेल्या प्रवाशाच्या उशाचा फोन यांत कायद्याने चार वर्षांचे अंतर ठेवले आहे. त्यात २०२१ च्या दुरुस्तीने गुंता वाढवला. गंभीर गुन्ह्याची व्याख्या आता किमान शिक्षा तीन वर्षांहून जास्त किंवा कमाल शिक्षा सात वर्षांहून जास्त अशा शब्दांत आहे. कमाल सातच वर्षे आणि किमान काहीच नाही असा गुन्हा तिच्यात शब्दशः बसत नाही, आणि किरकोळमध्ये तर बसतच नाही. ठाण्यातल्या हवालदाराने हे कोडे रात्री नऊ वाजता सोडवावे अशी अपेक्षा धरणे फाजील आहे. कोणते कलम लावले यावर मुलाची रात्र कुठे जाणार हे ठरू नये, म्हणून तर ताब्यात घेण्याचा अधिकारच नियमांनी आवळून ठेवला: गुन्हा घृणास्पद वर्गातला, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा असेल तरच तो वापरावा, एरवी मुलाच्या हिताचे असेल तेव्हाच.

ही भूमिका कालपरवाची नाही. मुंबईत मुलांसाठी डेव्हिड ससून औद्योगिक शाळा १८५७ मध्ये निघाली. मुंबई इलाख्याचा बालक अधिनियम १९२४ चा. मुले तुरुंगात नकोत हा विचार तेव्हापासून कागदावर आहे. तो वारंवार लिहावा लागला, कारण वारंवार मोडला गेला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुलांना तुरुंगात ठेवू नका असे बजावावे लागले. त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा आला, मग २००० चा, मग २०१५ चा. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालय पुन्हा तेच म्हणाले: विधिसंघर्षग्रस्त बालकाला कोठडीत ठेवण्याचा पोलिसांना अधिकार नाही आणि बाल न्याय मंडळांनी हे मुकाट्याने पाहत बसू नये. एकच आज्ञा तीन-चार पिढ्यांनी पुन्हा द्यावी लागते, तेव्हा दोष आज्ञा न कळण्यात नसतो.

आज्ञेचा तपशीलही मोठा आहे. प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा वरच्या हुद्द्याचा एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा. जिल्ह्याला उपअधीक्षकाच्या हाताखाली विशेष बाल पोलीस पथक असावे आणि त्यात दोन सामाजिक कार्यकर्ते असावेत, त्यांतली एक महिला. मुलाशी बोलताना गणवेश नको. बेडी नको, कोठडी नको, कबुलीवर सही नको. पालकांना लगेच कळवायचे. ताब्यात घेतलेच, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत मंडळापुढे. आणि गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, जामीन द्यायचा. जामीनदार असो वा नसो. नाकारायला तीनच कारणे चालतात: सुटल्यावर मूल सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याचा संभव, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका, किंवा न्यायाचा हेतूच फसण्याची भीती. कारण लिहून ठेवायचे. कलम १२ वाचताना एक गोष्ट सहसा निसटते. जामिनाचा हा अधिकार ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही आहे. त्याने तो वापरला नाही तर मूल निरीक्षणगृहात जाते. म्हणजे शिरूरच्या ठाण्यातून मुलाला त्याच संध्याकाळी आईबापाबरोबर रीतसर सोडता येते. त्यासाठी पुण्यात येरवड्याच्या निरीक्षणगृहापर्यंत जाण्याची गरज कायद्याने ठेवलेली नाही.

असे असून प्रत्यक्षात तीन वाटा दिसतात. पहिली, दोन दम देऊन, कधी कानाखाली वाजवून सोडून देणे, कसलीही नोंद न करता. दुसरी, रीतसर ताब्यात घेऊन येरवड्याला पाठवणे. तिसरी, या दोन्हींच्या मधली आणि सर्वांत रुळलेली, म्हणजे माल मिळेपर्यंत बसवून ठेवणे, मग पहिली की दुसरी ते ठरवणे. कायद्याने सांगितलेली चौथी वाट, नोंद करून, अहवाल लिहून घरी पाठवण्याची, सर्वांत कमी तुडवलेली आहे. पहिल्या वाटेला लोक दयाळूपणा समजतात. पण नोंद नसलेली दया आणि नोंद नसलेला जुलूम एकाच दारातून येतात. आज ज्याला काही न लिहिता सोडले, त्यालाच उद्या काही न लिहिता दोन दिवस बसवता येते.

तिसरी वाट रुळण्यामागे तपासाचे गणित आहे. किरकोळ चोरीत साक्षीदार नसतात, चित्रीकरण असले तर धूसर असते, आणि ठाण्याच्या मासिक आढाव्यात विचारले जाते ते गुन्हे उघडकीस किती आले आणि माल किती हस्तगत झाला. मुलगा बोलला की मोटारसायकल मिळते. कधी एकीच्या जागी पाच मिळतात आणि तीन ठाण्यांचे गुन्हे एका दमात निकाली निघतात. सज्ञान आरोपीसाठी पोलीस कोठडी मागता येते. मुलासाठी ती मागताच येत नाही. तेव्हा जी चौकशी कोठडीत झाली असती ती बाकावर होते. यात अधिकाऱ्याचा वैयक्तिक दुष्टपणा शोधण्यात फारसा अर्थ नाही. ज्याच्या कामाचे मोजमाप हस्तगत मालावर आहे, त्याला मुलाला तासाभरात घरी पाठव म्हणणारा नियम स्वतःच्या कामाच्या आड येणारा वाटणारच. मोजमाप बदलल्याशिवाय केवळ प्रशिक्षणाच्या कार्यशाळा घेऊन ही सवय सुटेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

या बाकावरच्या तासांना पुरावा म्हणून किंमत जवळजवळ शून्य असते, हा त्यातला उपरोध. मुलाची सही घ्यायची नाही, पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, आणि घेतली तरी मंडळ तिच्याकडे पाहणार नाही. हाती लागतो तो फक्त माल, आणि वर्तमानपत्राला द्यायची बातमी. बातमीत नाव नसते, कारण कलम ७४ ने ओळख उघड करायला बंदी आहे. पण गाव, वाडी, शाळा आणि बापाचा धंदा छापला की तालुक्यात नावाची गरज कुणाला उरत नाही. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याची दारे, वऱ्हांडे, कोठड्या, अधिकाऱ्यांच्या खोल्या सीसीटीव्हीखाली आणण्याचा आदेश दिला. कॅमेरा चालू असेल आणि त्याचे चित्रण कुणी मागितले, तर बाकावरचे तास मोजता येतात. मागणारा मात्र लागतो, आणि ऊसतोडीच्या टोळीतला किंवा वीटभट्टीवरचा बाप असे काही मागायला ठाण्यात जात नाही.

अंतराचा प्रश्न दुसऱ्या वाटेवर उभा राहतो. पुणे जिल्ह्याचे निरीक्षणगृह येरवड्याला, पंडित जवाहरलाल नेहरू उद्योग केंद्राच्या आवारात आहे आणि बाल न्याय मंडळही तिथेच बसते. शिरूरहून निघालेली गाडी शिक्रापूर-वाघोलीच्या कोंडीतून तिथे पोचते. दौंडची यवत-हडपसर करत. एका मुलामागे किमान दोन कर्मचारी आणि एक वाहन दिवसभर अडकते, आणि त्याच दिवशी यात्रेचा बंदोबस्त किंवा मंत्र्यांचा दौरा असला तर ठाण्यात माणूस उरत नाही. ज्या अधिकाऱ्याच्या नावापुढे बाल कल्याण पोलीस अधिकारी असे लिहिलेले असते, त्याच्याकडे समन्स, बीट, अपघाताचे पंचनामे आणि रात्रपाळीही असते. पालकांची बाजू याहून अवघड. प्रत्येक तारखेला रोजंदारी बुडते, एसटीचे किंवा गाडीचे भाडे लागते आणि कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्या खाड्याला कामावरून बसवतात. अंतराचा असा दुहेरी परिणाम होतो. काही मुले केवळ येरवड्याचा हेलपाटा नको म्हणून नोंदीशिवाय सुटतात, आणि काही मुले पालक पोचू न शकल्याने आत राहतात. दोन्हीत मुलाच्या वागण्याचा किंवा गुन्ह्याच्या स्वरूपाचा संबंध नसतो.

घरी पाठवायचे तर घर कोणते, हा पुढचा प्रश्न, आणि भेदभाव इथूनच आत शिरतो. गावातल्या बागायतदाराच्या मुलासाठी सरपंचाचा किंवा पोलीस पाटलाचा फोन येतो. बाप पंधरा मिनिटांत हजर होतो. तक्रारदाराशी बोलणे होते. मुलगा जेवायला घरी असतो. रांजणगावच्या चाळीत राहणाऱ्या बिहारच्या किंवा मराठवाड्याच्या कामगाराचा मुलगा तितकाच दोषी वा निर्दोष असला तरी त्याचा बाप पाळीवर असतो, फोन फाटकावर जमा असतो, आणि भाडेकराराचा कागद नसल्याने पत्ता कच्चा ठरतो. हंगामात दौंडच्या फडांवर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबाचा पत्ता तर कोपीचा. बापाला फोन लागत नाही आणि पत्ता तात्पुरता आहे, ही कलम १२ मधली कारणे नाहीत. पण व्यवहारात तीच निर्णय करतात. फासेपारध्यांच्या वस्तीवरचा मुलगा असेल तर पत्ता पक्का असूनही भागत नाही. गुन्हेगार जमातींचा १८७१ पासून चालत आलेला कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु चोरी झाली की आधी कोणत्या वस्तीवर गाडी जाते, हे घोड आणि भीमेच्या काठावर कुणाला सांगावे लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना मुद्दाम बजावले, ते उगाच नाही.

दौंड जंक्शनवर हा प्रश्न आणखी एका रूपात येतो. घरातून पळालेली, हरवलेली, गाडीत पाणी विकणारी, बाटल्या वेचणारी मुले इथे उतरतात. विनापरवाना विक्री हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे, विनातिकीट प्रवासही. त्याच मुलाच्या पिशवीत कुणाचा तरी फोन सापडला, तर तो विधिसंघर्षग्रस्त ठरून मंडळाकडे जातो. न सापडला तर काळजी आणि संरक्षणाची गरज असलेला म्हणून बाल कल्याण समितीकडे. मूल तेच, भूक तीच. या दोन यंत्रणांमधली निवड पहिल्यांदा जो शिपाई त्याचा हात धरतो तो करतो, आणि सहसा ती कायमची ठरते.

नियमांनी यावर एक साधन दिले आहे: सामाजिक पार्श्वभूमी अहवालाचा नमुना, नियमांच्या जोडपत्रातला पहिलाच. त्याची पाने पाहिली की कायद्याला ठाण्याकडून काय हवे आहे ते कळते. घरात कोण कोण, कुणाचे शिक्षण किती, मिळकत किती, आजार कोणता, व्यसन कुणाला. मुलाच्या सवयी: तंबाखू आणि दारूच्या रकान्याशेजारी चित्रे काढणे, खेळणे, वाचणे यांचेही रकाने. शाळा का सुटली. काम करत असेल तर पगार कुणाच्या हातात जातो. मित्र वयाने मोठे की बरोबरीचे. मुलावर स्वतः कधी अत्याचार झाला का. मोठ्यांनी किंवा टोळीने त्याचा वापर करून घेतला का. कोणत्या परिस्थितीत त्याला ताब्यात घेतले. शेवटी अधिकाऱ्याची शिफारस. असा अहवाल प्रामाणिकपणे भरायला दीड-दोन तास लागतात, आणि त्या दीड-दोन तासांत मुलाविषयी जे कळते ते दोन दिवस बाकावर बसवून कळत नाही. सर्व रकान्यांत एकच उत्तर, ‘निरंक’, लिहून तो पाच मिनिटांतही भरता येतो.

वाळूचे उदाहरण घेतले तर या रकान्यांची किंमत उमगते. रात्री नदीपात्राकडे जाणाऱ्या फाट्यावर दुचाकी घेऊन बसलेला सोळा वर्षांचा मुलगा, महसूलची किंवा पोलिसांची गाडी दिसली की फोन करायचा, एवढे काम, रात्रीचे काही शे रुपये. त्याला धरले तर चोरीला साहाय्य म्हणून तो आरोपी. अहवालातला ‘मोठ्यांनी वापर केला का’ हा प्रश्न खरोखर विचारला तर बाल न्याय अधिनियमाचे कलम ८३ उघडते: बेकायदा कामासाठी मुलाला वापरणाऱ्या सज्ञान माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड. मुलगा बाकावर बसला की वाळू उपसणाऱ्या यंत्राचा मालक निवांत झोपतो. मुलगा साक्षीदार म्हणून घरी गेला तर झोप मालकाची उडायला हवी. दुचाकीबाबतही तसेच, २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ क प्रमाणे अल्पवयीनाच्या वाहन गुन्ह्याला पालक किंवा वाहनमालक जबाबदार असतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. कायद्याची नजर इथे मुलाच्या मागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसाकडे आहे.

याविरुद्धचा आक्षेप हलका नाही. ज्या शेतकऱ्याची केबल ऐन पाण्याच्या पाळीला कापली गेली, त्याचे पीक चार दिवसांत माना टाकते. नवी केबल हजारोंची आणि पुन्हा कापली जाण्याची खात्री. त्याला पोर अज्ञान आहे, सोडून दिले असे सांगितले की त्याचा कायद्यावरचा विश्वासच उडतो. मुले वापरूनच चोऱ्या होतात, कारण मुलांना काही होत नाही, असेही गावोगाव बोलले जाते. परंतु घरी पाठवणे म्हणजे प्रकरण मिटवणे, हा समज ठाण्यांनीच नोंदीविना सोडून देऊन रुजवला आहे. कायद्याच्या वाटेने गेलेल्या मुलाची मंडळापुढे चौकशी होते. किरकोळ गुन्ह्यात ती संक्षिप्त पद्धतीने चालते. मंडळ समज देऊ शकते, समुपदेशन, सामुदायिक सेवा, पालकांना दंड, परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावू शकते. शेतकऱ्याला भरपाईचा रस्ता यातून निघू शकतो. बाकातून निघतो तो फक्त पोलिसांपुरता.

आणि ताब्यात ठेवल्याने मुले सुधारतात का, याचेही उत्तर अनुभवाबाहेर तपासले गेले आहे. अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २९ नियंत्रित प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांत सात हजारांवर मुले होती. रीतसर न्यायप्रक्रियेत ओढलेल्या मुलांचे पुढचे गुन्हे, बाहेरच वळवलेल्या मुलांच्या तुलनेत, कमी झाले नव्हते. कल वाढण्याकडेच होता. ते प्रयोग बहुतांशी अमेरिकेतले, तेव्हा शिरूरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी मुलाला आत ठेवले की तो वठणीवर येतो, या इथल्या ठाम समजुतीला पुरावा द्यायची जबाबदारी आता समजूत बाळगणाऱ्यांवर येते. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने किशोरांना अटक करण्याच्या अधिकारावरच मर्यादा घातली आणि पोलिसांतच मुलांसाठी स्वतंत्र शाखेला निर्णय दिला. कुटुंबाला आणि नुकसान झालेल्याला एकत्र बसवून तोडगा काढण्याची रीत तिथे कायद्यात आहे. गावकी-भावकीच्या बैठकीची सवय असलेल्या तालुक्यांना ती परकी वाटू नये, फक्त त्या बैठकीत दुबळ्या घरावर दडपण येणार नाही हे पाहणारा माणूस हवा.

मुलाला घरी न पाठवण्याची खरी कारणेही असतात. चोर पकडला म्हणून गावाने झोडपलेला मुलगा त्याच गावात रात्री परत पाठवणे धोक्याचे असते. बाप दारुडा आणि मारकुटा असेल, किंवा चोरीला लावणारा चुलताच घरात असेल, तर घर हाच धोका. समाजमाध्यमांवरच्या मजकुराचे प्रकरण याहून नाजूक. १ ऑगस्ट २०२५ ला दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये एका पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. दोन समाजांत तेढ वाढवण्याबद्दलच्या न्याय संहितेच्या कलम १९६ ची सर्वसाधारण कमाल शिक्षा तीन वर्षे आहे, म्हणजे असा मजकूर सोळा वर्षांच्या मुलाने टाकला तर बाल न्यायाच्या हिशेबात गुन्हा किरकोळ. गावाच्या हिशेबात मात्र गाव पेटवणारा. अशा वेळी मुलाला गावाबाहेर नेणे त्याच्याच जिवासाठी गरजेचे ठरते. तेव्हाही जागा निरीक्षणगृह, योग्य व्यक्ती किंवा दूरचा नातेवाईक, ठाणे नव्हे. आणि कारण लिहायचे ते जमावाचे, मुलाच्या दुर्गुणाचे नव्हे.

कारणे लिहिण्याचा भार व्यवहारात उलट्या बाजूला पडला आहे. कायद्याप्रमाणे मुलाला ठेवणाऱ्याने खुलासा द्यायचा. ठाण्यात खुलासा मागितला जातो तो सोडणाऱ्याला. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघाताने हे आणखी घट्ट केले. १९ मे २०२४ ला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मंडळाने त्याच दिवशी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन दिला. देशभर संताप उसळला. तीन दिवसांनी मुलगा निरीक्षणगृहात गेला. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ती रवानगी बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितले. प्रकरण किरकोळ नव्हते आणि मुलगा श्रीमंत घरचा होता, म्हणून लोकांचा राग समजण्यासारखा होता. पण त्या रागातून जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्याने घेतलेला धडा असा असणार की मूल सोडले तर नोकरी धोक्यात, ठेवले तर कुणी विचारत नाही. त्या धड्याची किंमत पोर्शेवाल्यांना पडत नाही. ती मोटारसायकलचोरीतल्या पोरांना पडते.

वयाची अठरा वर्षे ही रेघ इथे किती कच्ची आहे तेही पाहिले पाहिजे. वयाचा पुरावा म्हणून कलम ९४ आधी शाळेचा दाखला धरते, मग जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. शाळेच्या रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख किती जणांची असते, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारावे. मास्तरांनी सोयीसाठी टाकलेल्या त्या तारखेवर मुलगा मंडळाकडे जाणार की न्यायदंडाधिकाऱ्याकडे, हे अवलंबून राहते. रेघेपलीकडच्या एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणालाही कायदा वाऱ्यावर सोडत नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको, नोटीस द्या, असे २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात ठरले आणि ते आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. एकवीस वर्षांखालच्या दोषीला शक्यतो तुरुंगात पाठवू नये, असे परिविक्षा अधिनियम १९५८ पासून सांगतो. पाच हजारांखालची पहिली चोरी असेल आणि माल परत केला तर न्याय संहितेत सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. या सवलती उपयोगी पडतात त्या शिरूरच्या किंवा दौंडच्या न्यायालयात वकील उभा राहिला तर. तालुका विधी सेवा समितीचा वकील फुकट मिळतो, पण बाकावरच्या तासांत त्याला फोन करायचा असतो हे बहुतेक कुटुंबांना कुणी सांगितलेले नसते.

करता येण्याजोग्या गोष्टी महाग नाहीत. ठाण्यात आणलेल्या प्रत्येक अल्पवयीनाची वेळ, आणणाऱ्याचे नाव, पालकांना केलेल्या फोनची वेळ आणि सोडल्याची वा पाठवल्याची वेळ यांची एका पानावरची नोंद, जी महिन्याला मंडळाकडे जाईल. सोडले तरी कारण, ठेवले तरी कारण. मंडळाची बैठक नसेल तेव्हा एका सदस्यापुढे हजर करण्याची सोय कायद्यात आहेच. ती सोय तालुक्याच्या जवळ आणण्यात अडचण इच्छेची आहे. आढाव्यात हस्तगत मालाबरोबर भरलेल्या अहवालांची आणि ठाण्यातूनच दिलेल्या जामिनांची संख्या विचारली गेली, तर चौथी वाट आपोआप तुडवली जाईल.

प्रकरण संपल्यावर काय उरते, हा शेवटचा भाग. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने. तरी न संपल्यास कार्यवाही तिथेच थांबते. दोष सिद्ध झाला तरी कलम २४ प्रमाणे त्याची अपात्रता मुलाला चिकटत नाही आणि ठराविक काळानंतर कागद नष्ट करायचे असतात. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीतल्या एका उमेदवाराबाबत २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच लावून धरले: अल्पवयातला खटला नोकरीच्या आड आणू नका. राखीव दलाच्या मैदानांकडे पाहत भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या दौंडच्या मुलांना हा निकाल थेट लागू पडतो. पण चारित्र्य पडताळणीचा अर्ज ठाण्यातच येतो, आणि तिथे मंडळाचे कागद नसले तरी संशयितांच्या याद्या, मोबाइलमधले फोटो आणि अंमलदाराची आठवण असते. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात हिस्ट्रीशीटमध्ये अल्पवयीन मुलांची नावे आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्याला हरकत घेतली, आणि मागास व विमुक्त समाजांच्या लोकांची नावे अशा याद्यांत यांत्रिकपणे घातली जातात का, हे सर्व राज्यांना तपासायला सांगितले. नष्ट करायचा कागद नष्ट झाला की नाही, हे मंडळाला पाहता येते. जो कागद कधी केलाच नाही, त्याच्या जागी ठाण्याच्या स्मरणात राहिलेले नाव पुसण्याची तरतूद कोणत्याच कलमात नाही.